चाळीस दिवसांचं पाणी

२७ मे १४४७. नदीच्या मुखाशी, सांता युफेमिया जहाजावर.

निघताना ब्रिओलांजाने कागद शिवलेली ही वही माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "मागच्या खेपेला तुम्ही एकाच दिवसाच्या तीन गोष्टी सांगितल्यात. मासा एकदा हाताएवढा, एकदा होडीएवढा. या वेळी लिहून आणा, म्हणजे मला एकच खोटं ऐकावं लागेल." चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून तिच्यापुढे माझं काही चालत नाही. तरी लागुश सोडल्याला दोन महिने होत आले आणि आज पहिली ओळ लिहितोय.

मला कुणी शाळेत घातलं नव्हतं. पिंपांवर मालकांच्या नावाची अक्षरं तापल्या लोखंडाने डागता डागता लिहायला शिकलो. म्हणून माझं अक्षर अजूनही जळल्यासारखंच येतं.

आज लिहायला बसलो ते भीती वाटते म्हणून. उद्या परतीला निघायचं आहे आणि किनारा सोडून निघायचं आहे. आजवर इथून जो परतला तो किनाऱ्याला चिकटून, उत्तरेचा वारा तोंडावर घेत, वीतभर पुढे आणि हातभर मागे असाच परतला. गेल्या वर्षीच्या जहाजाला चार महिने लागले आणि सात माणसं वाटेत गेली. आमचा वाटाड्या दिनिस, माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा, म्हणतो की किनाऱ्याकडे सरळ पाठ फिरवायची. खोल समुद्रात वायव्येला जात राहायचं. ध्रुवतारा लागुशला दिसतो तेवढा वर आला, की तिथे पश्चिमेचा वारा लागतो आणि तोच घरी नेऊन सोडतो. या वाटेने एक-दोघे गेले म्हणतात. परत आलेला कुणी मला भेटलेला नाही.

कप्तान रुई पेस्ताना यांनी सगळ्यांना गोळा करून मलाच विचारलं, "मेस्त्री, मध्ये कुठे जमीन नाही. तुमची पिंपं पाणी किती दिवस धरतील?"

"चाळीस," मी म्हणालो. वीस पिंपं, बावीस माणसं, एक पिंप दोन दिवस. हिशेब सोपा आहे. पण म्हणून झाल्यावर मी खाली जाऊन पिंपं पुन्हा मोजली, हे ब्रिओलांजाने वाचलं तरी चालेल.


२८ मे

निघालो. पाणी भरताना नदीच्या वरच्या अंगाला गेलो होतो, तिथे भरतीचं खारं पाणी पोचत नाही. जागा दाखवली टोमेने. टोमे हा आमचा दुभाषा. याच किनाऱ्यावरचा, पाच वर्षांपूर्वी पकडून आणलेला. नाव आमच्या पाद्रीबाबांनी ठेवलेलं, आधीचं काय होतं ते कुणाला ठाऊक. वय तिशीचं, उंच, बोलतो कमी. त्याच्या मालकाने कबूल केलंय की चार सफरी केल्या की तो मोकळा. ही त्याची तिसरी. म्हणजे एकच उरली की! मी त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, "हो काका, एकच." किनारा दिसेनासा होईपर्यंत तो मागच्या कठड्याला उभा होता. मी त्याला सुके अंजीर नेऊन दिले. घरचे आहेत, आमच्या परसातले.


२ जून

वारा कानशिलावर, जहाज एका अंगावर कललेलं. जेवताना वाडगा मांडीत धरावा लागतो. पाणी गोड आहे. पिंपं सगळी जुन्या द्राक्षदारूची निवडली होती, मुद्दाम. नव्या लाकडात पाणी काळं पडतं, जुन्यात मुरलेल्याला जरासा आंबूस वास येतो पण पाणी टिकतं. रोज संध्याकाळी तळाशी उतरतो आणि एकेका पिंपावर हात फिरवतो. दिनिस म्हणतो, "मामा, तुम्ही त्यांना झोपवायला जाता काय?" जातो. त्याला काय होतं?

तारा दोन मुठी वर आला. दिनिस हात ताणून, डोळा मिटून, क्षितिजापासून मुठी मोजतो. निघताना दीड होता. लागुशला पावणेचार.


७ जून

समुद्रावर पिवळं गवत तरंगतंय, बागेत कुणी कापून टाकावं तसं. माणसं घाबरली, यात जहाज रुतणार म्हणून. टोमेने दोरीला बादली बांधून ते वर काढलं. मुठीत मावेल एवढं, खाली मूळच नाही. त्यात नखाएवढा एक खेकडा होता. आमचा मुख्य खलाशी जिल म्हणाला, "बघा, याला घर सापडलं, आपल्याला केव्हा सापडायचं?" सगळे हसले, पण जरा वरवरच.

जिल चांगला माणूस आहे. आवाज बैलासारखा, मन लोण्यासारखं आणि डोकं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. लागुशला तारली खारवायच्या वखारीत वाढला. संत आंतोनची लाकडी मूर्ती त्याचीच, डोलकाठीपाशी कोनाड्यात ठेवली आहे. सफरीसाठी त्याच्या बायकोने ती नव्याने रंगवून घेतली. अंगावरचा झगा इतका हिरवागार की डोळे दिपतात.


१० जून

वारा पडला.


१२ जून

वारा नाही. शीड ओल्या चादरीसारखं लोंबतंय. काल स्वयंपाक्याने कांद्याची सालं समुद्रात टाकली होती, ती आज सकाळी तिथेच होती.


१३ जून. संत आंतोनचा दिवस.

सण केला. संताला फुलं कुठून आणणार? म्हणून रंगीत चिंध्या बांधल्या, समोर अंजीर ठेवले, गाणी म्हटली. जिलने हात जोडून स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुझी सेवा झाली. आता उद्यापर्यंत वारा पाठव. नाहीतर आपली तुझी ओळख आहेच." सगळ्यांना पेलाभर दारू मिळाली. मला दोन पेले मिळाले, वयाचा मान म्हणून.


१४ जून

वारा नाही. डोकं जड होतं, दुपारभर झोपलो. जिल हातोडा मागायला आला, कुठेसा खिळा ठोकायचा होता. दिला. माझा हातोडा मी कुणाला देत नाही, पण झोपेत माणूस उदार होतो.


१५ जून

संताच्या कोनाड्यावर पडदा ओढलेला आहे. मी नमस्काराला गेलो तर जिल म्हणाला, "राहू द्या मेस्त्री. सणाने संतही दमलाय. त्यालाही चार घटका निजू दे." किती भाविक माणूस!

जिलच्या आजूबाजूचे चारपाच जण आज उगाच खूश दिसतात. वारा नसताना खूश राहणं हीसुद्धा देवाची देणगी.


१७ जून

आज अकरावं पिंप उघडलं. संध्याकाळपर्यंत आठ जण कठड्यावर वाकून ओकत होते. कप्तानांनाही पोटात कळ आली. मलाही. तोंडात तांब्यासारखी चव.

ज्यांनी सकाळी फक्त दारूत बिस्कीट बुडवून खाल्लं होतं, ते ठणठणीत. म्हणजे पाण्यातच आहे. माझ्याच पिंपात आहे.


१८ जून

सकाळी सगळे डेकवर जमले. एकजण म्हणाला लाकूड सडलंय, सगळीच पिंपं अशी निघणार. दुसरा म्हणाला की मागे फिरा, किनारा अजून गाठता येईल. दिनिस ओरडला, "मागे फिरलो तर वारा सुटला तरी समोरूनच! पंधरा दिवस लागतील, आणि मग पुन्हा तोच चार महिन्यांचा रस्ता!"

"मग इथे मरू काय? तुझ्या ताऱ्याकडे बघत?"

तेवढ्यात जिलने टोमेकडे बोट दाखवलं. "पाणी कुठून भरलं? यानेच दाखवलेल्या जागेवरून. तळाशी कोण जातं? हा. याला त्याचा किनारा हवाय. आपण मागे फिरावं म्हणून याने काहीतरी कालवलंय."

"जिल, अरे तो स्वतः काल रात्रभर ओकत होता," मी म्हणालो.

"नाटकं!"

"इतकं ओकण्याचं नाटक तू करून दाखव बघू."

कुणी हसलं नाही. दोघे तिघे पुढे सरसावले, त्यांच्या डोळ्यांत टोमे समुद्रात पडलेला मला दिसला. टोमेने हात वर केले नाहीत, पाऊलही मागे घेतलं नाही. कप्तान मध्ये पडले. त्यांनी टोमेला डोलकाठीला बांधायला लावलं, म्हणाले की निदान त्यामुळे तो जहाजावर तरी राहील. मग माझ्याकडे वळले. "मेस्त्री, उद्या दुपारपर्यंत वेळ देतो. लाकूड खराब की माणूस खराब, ते मला सांगा. दोष सगळ्याच पिंपांत असला तर मी मागे फिरतो. आणि याने केलं असेल तर हा जाईल."

मी खाली गेलो आणि बाराव्या पिंपाचं बूच काढलं. पाणी वर आणून सगळ्यांसमोर वाडगाभर प्यायलो. मग दुसरा. मग डेकच्या मधोमध उलट्या टोपलीवर बसलो आणि म्हणालो, "बघत बसा. हा म्हातारा उद्या सकाळी जिवंत असला तर लाकूड चांगलं."

दिनिस शेजारी बसला. हळूच म्हणाला, "मामा, खरंच खात्री आहे?"

"नाही."

"मग प्यायलात कशाला?"

"मी चाळीस म्हणालो होतो ना? तू तेवढ्यावर निघालास."

तो सरकून जवळ आला. लहानपणी झोप आली की टेकायचा तसा माझ्या खांद्याला टेकून बसला. ऊन उतरलं तसं मी टोमेला पाणी दिलं, त्याच बाराव्यातलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग प्यायला.


१९ जून

जिवंत आहे! पोट शांत, भूकही लागली. उजाडताच मोठ्याने ओरडून दोन बिस्किटं मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

म्हणजे सगळी पिंपं वाईट नाहीत, फक्त अकरावं. मग त्यातच काय झालं? कंदील घेऊन खाली गेलो. आधी आत नाही, बाहेर बघितलं. आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पिंप उघडताना मी कड्यांकडे बघितलं नव्हतं.

मी डावखुरा आहे. कडं बसवताना माझ्या हातोड्याचे घाव लोखंडावर डावीकडे कललेले पडतात. वीसही पिंपांवर तसेच आहेत. अकराव्याच्या टोकाच्या कड्यावर मात्र ताजे, चकचकीत घाव होते, आणि ते उजवीकडे कललेले. कुणीतरी कडं उपटून झाकणाची फळी काढली होती आणि नीट परत बसवली होती. नीट म्हणजे फारच नीट. फळी न मोडता झाकण काढणं हे ज्याने आयुष्यात पिंपं हाताळलीत त्याचंच काम. टोमेच्या गावी पाणी भोपळ्यात ठेवतात. त्याला मी गेल्या महिन्यात साधं बूच काढायला दिलं होतं, तर तो ते आत ढकलून बसला होता.

मग मी झाकण काढलं. पाणी उपसलं. तळाशी बोटभर गाळ. हिरवा.

तो वास आणि ती चव मला लगेच कळली. ब्रिओलांजाने एकदा तांब्याच्या भांड्यात, कल्हई उडालेली असताना, लिंबाचं लोणचं ठेवलं होतं. कळकलं होतं सगळं. तेव्हाही मी असाच ओकलो होतो. इथे तांब्याचं भांडं कुठलं? पण हिरवा रंग तांब्यावरच्या गंजाचाच करतात, हे लागुशच्या रंगाऱ्याने मला कितीदा तरी सांगितलंय. आणि पिंपातल्या जुन्या दारूच्या आंबूसपणाने तो पाण्यात विरघळला असणार.

हिरवा. या जहाजावर हिरवं होतं काय?

मी वर आलो, सरळ कोनाड्याकडे गेलो आणि पडदा ओढला. संत आंतोन उघडेच उभे होते म्हणा ना. झगा फिक्या धुतलेल्या फडक्यासारखा, नाकाचा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं, आणि कमरेला दोरी अजून बांधलेली.

"जिल!" एवढ्या जोरात मी आयुष्यात ओरडलो नसेन.

तो आला. मूर्ती बघितली, मग माझ्या हातातला हिरवा गाळ बघितला. चेहऱ्यावरचा रंग त्याच्या संतासारखाच उतरला.

"काय केलंत याचं?" कप्तानांनी विचारलं.

"शिक्षा केली," जिल पुटपुटला.

"कसली?"

"दर वेळची. सण करूनही वारा नाही दिला तर आमच्याकडे त्याला उलटा टांगून विहिरीत बुडवतात. शुद्धीवर येतो."

"समुद्र काय आटला होता? समुद्रात बुडवायचा होता!"

"समुद्रात बुडवणं शिक्षा कशी होईल, कप्तान? तो त्याचा खेळ. आणि दोरी सुटली असती तर? विहीरच लागते, गोड्या पाण्याची." मग अगदी बारीक आवाजात, "इथे विहीर नव्हती. म्हणून पिंप."

"किती वेळ?"

"दोन दिवस. चिवट आहे तो."

दिनिसने कपाळ धरलं. मी म्हणालो, "अरे बाबा, आणि ते पाणी आम्हाला पाजलंस? बोलायचं तरी!"

"शिक्षा चालू असताना बोलायची नसते, मेस्त्री, नाहीतर लागत नाही. आणि मला वाटलं," त्याने इकडेतिकडे बघितलं, "संताच्या अंघोळीचं पाणी. तीर्थच की! उलट गुण येईल."

सगळे कप्तानांकडे वळले. मग कप्तानांच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. मला वाटलं पुन्हा ओकतायत. ते हसत होते. मग सगळं जहाज हसलं. ओकून ओकून पोट दुखणारे पोट धरून हसले. गेल्या दहा दिवसांत या समुद्रावर एवढा आवाज झाला नसेल.

टोमेला मी सोडवलं. गाठी फार घट्ट होत्या, सुरी लावावी लागली. माझ्याबरोबर जिलसुद्धा आला, म्हणाला, "चुकलं रे," आणि आपल्या वाटचं बिस्कीट त्याच्या हातावर ठेवलं. टोमेने ते खाल्लं. मनगटं चोळत मला म्हणाला, "काका, माझ्या बाजूने तुमचा हातोडा बोलला."

"मीही बोललो की रे!"

"तुम्हीही बोललात," तो म्हणाला.

मागे फिरायचं नाही, असं कप्तानांनी जाहीर केलं. नऊ पिंपं उरली आहेत. प्रत्येकाच्या पाण्यात चौथाई कपात, जिलच्या आणि त्याच्या साथीदारांच्या निम्म्याने.


२० जून

वारा! पहाटे आधी दोऱ्या कुरकुरल्या, मग शिडाने एक उसासा टाकला आणि ते भरलं. नैर्ऋत्येचा. दिनिस कठड्यावर चढून लहान मुलासारखा नाचत होता. मी त्याला तीन वर्षांचा असताना असं नाचताना बघितलंय, पहिल्यांदा चेरी खाल्ली तेव्हा.

जिल छाती काढून फिरतोय. "लागली की नाही शिक्षा? लागली की नाही?" बाकीचे दोऱ्या ओढण्यात गुंतलेत. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात संताला हात जोडले.


२४ जून

तारा साडेतीन मुठी. वारा पश्चिमेकडे वळला, अगदी दिनिस म्हणाला होता तसा. आता जहाजाचं तोंड पूर्वेला. पाठीत वारा घेऊन घरी जाणं म्हणजे काय असतं, हे आमच्या लोकांना ठाऊकच नव्हतं. बिस्किटात किडे झाले आहेत, तरी माणसं गात आहेत.

टोमे दिनिसकडे मुठी मोजायला शिकतोय. त्याचा हात मोठा आहे, म्हणून दिनिसची साडेतीन ती त्याची तीनच भरते. दिनिस त्याला म्हणाला, "आता ही वाट डोळे मिटून येता येईल. कितीही जहाजं जाऊ देत, कितीही परत येतील." टोमेने विचारलं, "कितीही?" "कितीही!" दिनिस म्हणाला. टोमे बराच वेळ हात पुढे धरून उभा होता. दिनिस म्हणतो, पोरगा शिकण्यात अगदी गढून जातो.


१ जुलै

दोन मोठ्या लाटा अंगावर घेतल्या, स्वयंपाक्याची कढई वाहून गेली. पिंपं खाली जागची हलली नाहीत. मी त्यांना शाबासकी दिली. मोठ्यानेच दिली, कुणाला काय वाटायचं ते वाटो.


५ जुलै

चाळिसावा दिवस उद्याचा आहे. जिलने मला ते तीनदा सांगितलं. पाणी अजून आहे, पण माणसं मी बूच काढताना मान वाकवून आत बघतात. मीही बघतो. पहिला घोट घशात उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. घरी पोचलो नाही तर ही वही कोण वाचणार, असाही विचार येऊन गेला. मग वाटलं, ब्रिओलांजा समुद्राला धरून विचारेल.


७ जुलै

जमीन!

संत व्हिन्सेंटचं टोक, डाव्या हाताला, पिवळसर, उन्हात. आधी ढग वाटला. मग त्या ढगावर माणसांनी बांधलेली भिंत दिसली. बावीस माणसं एका बाजूला धावली आणि जहाज कललं. कप्तान ओरडत होते, की गाढवांनो, घरासमोर बुडवता काय? त्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. दिनिस मात्र खाली बसला होता. दोन्ही हात चेहऱ्यावर. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची आई असती तर तिने ठेवला असता.

एक्केचाळिसावा दिवस. बावीस निघालो होतो, बावीस आलो. दीड पिंप पाणी शिल्लक.


८ जुलै. लागुश.

सगळा गाव वाळूत उतरला होता. कप्तानांनी होडीतूनच दिनिसला खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "ही वाट याने काढली, पण ती उभी आहे ती या म्हाताऱ्याच्या पिंपांवर." आणि मला पण उचलायला निघाले. माझी कंबर बघता मी नको म्हणालो. कुणी घंटा वाजवायला धावलं. गेल्या वर्षीच्या सात जणांतल्या एकाची आई गर्दीतून आली, तिने दिनिसचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

ब्रिओलांजा मागे उभी होती. म्हणाली, "किती वाळलात! मासे हाताएवढेच होते वाटतं." मग डोक्यावरच्या रुमालाने माझं तोंड पुसलं, सगळ्यांदेखत. वही दिली. पहिलं पान वाचून म्हणाली, "बाकीचं जेवल्यावर." ताजी भाकरी, भाजलेली तारली, ऑलिव्हचं तेल. मी तीनदा वाढून घेतलं. स्वर्गात यापेक्षा बरं जेवण असेल असं मला वाटत नाही.


१२ जुलै

आज जहाजमालकांचा कारभारी माझ्या कारखान्यात आला. स्वतः चालत आला! पुढच्या वसंतात चौदा जहाजं जाणार, सगळी आमच्याच वाटेने. पिंपं माझ्याच हातची हवीत. "तुमचा डावा घाव असल्याशिवाय मी एक पिंप चढवणार नाही," म्हणाला. गल्लीत ही बातमी माझ्याआधी ब्रिओलांजाने पोचवली.

पिंपं किती ते ऐकून मी चक्रावलो. म्हटलं, "जहाजावर पंचवीस माणसं, त्यांना एवढं पाणी?" तर म्हणाला, "जाताना पंचवीस, मेस्त्री. येताना खालच्या मजल्यावर तिकडून धरलेले दीडशे तरी असतील. आता वाट लवकरची झालीय, म्हणून परवडतं. त्यांना निम्मं पाणी धरा, बसूनच तर असतील." मी साफ नाही म्हणालो. त्या उकाड्यात बसलेल्या माणसालाही तेवढीच तहान लागते, मी प्यायलो आहे ते पाणी, मला सांगू नका. माणशी पूर्ण धरायला लावलं. तो जरा कुरकुरला, पण ऐकलं त्याने. या वयात आपला शब्द चालतो, याचं मला फार बरं वाटलं.

दुपारी टोमे आला. मालकाने त्याला चौथ्या सफरीला याच जहाजांबरोबर पाठवायचं ठरवलंय. मी त्याला सगळं सांगितलं, चौदा जहाजं, पिंपं, कारभारी. त्याने उभ्या करून ठेवलेल्या फळ्यांवरून हात फिरवला, मी तळाशी फिरवायचो तसा.

"काका, तुमची पिंपं वाईट निघाली असती, तर?"

"तर काय! आपण सगळेच मेलो असतो. तूसुद्धा."

"आणि ही वाट?"

"ती कुणाला कळलीच नसती. आमच्या हाडांबरोबर बुडाली असती."

त्याने मान हलवली. बराच वेळ बसून राहिला, मी कडी तापवत होतो ते बघत. मग उठला आणि म्हणाला, "तुम्ही फार चांगला माणूस आहात." एवढं कौतुक आजवर कुणी तोंडावर केलं नव्हतं, आणि तेही त्याच्यासारख्या अबोल माणसाने. परसातले अंजीर दिले, तर या खेपेला नको म्हणाला. उन्हाने पोट बिघडलं असेल.

उद्या पहिल्या वीस पिंपांच्या फळ्या वाकवायला घेतो. दिनिस म्हणतो की चार माणसं हाताखाली घ्या. घेईन. पण शेवटचं कडं मीच ठोकणार, प्रत्येक पिंपाचं. यातलं एकही गळणार नाही.